आमची वाटचाल : फ्लँज, फर्नेस ऑइल आणि युरोपचा कार्बन

भोसरी एमआयडीसीत आमचं फोर्जिंगचं, म्हणजे तापवलेलं पोलाद ठोकून घडवण्याचं युनिट आहे. पाइपलाइनला लागणारे फ्लँज, म्हणजे पाइप जोडायची मधे भोक असलेली कडी बनवतो. अण्णांनी सुरुवात केली तेव्हा एक हॅमर, फर्नेस ऑइलची एक भट्टी आणि हाताशी चार माणसं. भट्टी पहाटे पेटवायची, ती तापली की मग पहिला जॉब. पोलादाचा भाव रोज विचारला जायचा, तेलाचा कोणी विचारत नसे.

जुलै 2008 मध्ये कच्चं तेल पिंपाला 147 डॉलरवर गेलं आणि आम्ही तेल मोजायला लागलो. टनभर पोलाद 1200 अंशांपर्यंत तापवायला हिशेबाने वीस-बावीस लिटर तेलाची उष्णता पुरते. आमची भट्टी शंभरच्या वर पीत होती; बाकी सगळं धुराड्यातून आणि भट्टीच्या दारातून बाहेर. धुराच्या उष्णतेवर आत जाणारी हवा तापवणारा रिक्युपरेटर बसवायचं ठरलं, कोटेशनही आलं. डिसेंबरात तेल 40 डॉलरच्या खाली उतरलं आणि अण्णांनी कोटेशन फायलीला लावलं. त्यांचं बरोबरच होतं. दीड-दोन वर्षांत फिटणारा खर्च फिटायला आता त्याच्या दुप्पट काळ लागणार होता, वर मंदी. पुढे जानेवारी 2016 मध्ये तेल 30 डॉलरच्याही खाली गेलं. ऊर्जाबचतीवर भाषणं देणारे सल्लागारही त्या काळात फिरकले नाहीत.

कोळशावर सरकारने 2010 मध्ये टनाला 50 रुपये उपकर लावला, 2016 पर्यंत तो 400 झाला. एका अर्थाने तोही कार्बनवरचा करच. पण आमच्यापर्यंत यायचा तो वीजबिलात विरघळून, त्यामुळे त्याच्यापायी कोणी एक मोटारही बदलली नाही.

मार्च 2022 मध्ये तेल पुन्हा 120 डॉलरच्या वर गेलं, तेव्हा मात्र थांबलो नाही. कर्ज काढून विजेवर चालणारा इंडक्शन हीटर घेतला. पोलादाचा बार, म्हणजे कांब, तारेच्या कॉइलमधून जातो आणि काही मिनिटांत लालबुंद होऊन बाहेर येतो. पहाटेची पेटवणी संपली, तापलेल्या पोलादावर धरणारा पापुद्रा, म्हणजे स्केल, कमी पडू लागलं, डाय म्हणजे साचे जास्त टिकू लागले.

ऑक्टोबर 2023 पासून युरोपात सीबॅमची, म्हणजे आयात मालावरच्या कार्बन आकाराची (शुल्काची) माहिती देणं सुरू झालं. आमच्या जर्मन ग्राहकाने भलीमोठी एक्सेल शीट पाठवली. आकार भरायचा तो त्याने, पण भाव पाडून मागणार आमच्याकडे. गंमत अशी, की पोलादी मालासाठी या आकाराच्या हिशेबात विजेमागचा धूर धरतच नाहीत. आपली वीज मुख्यतः कोळशाची, तरी तेल सोडल्याने कागदावर आमची भट्टी जवळपास शून्यावर आली. हे मला पटत नाही, पण नियम त्यांचा.

खरा आकडा निघाला बारमध्ये. जुन्या भट्टीचं शंभर लिटर तेल जाळलं तर साधारण 300 किलो कार्बन डायऑक्साइड. ब्लास्ट फर्नेसच्या, म्हणजे खनिजापासून केलेल्या, टनभर पोलादामागे दोन टनांहून जास्त. भंगार वितळवून केलेल्या पोलादाचा आकडा त्याहून कितीतरी कमी. मग लक्ष भट्टीवरून मालाकडे वळलं. फ्लँजचं मधलं भोक पाडताना निघणारी चकती आणि कडेला बाहेर येणारं जादा पोलाद, म्हणजे फ्लॅश, आम्ही वर्षानुवर्षं भंगारात विकत आलो. आता मोठ्या मापांसाठी रिंग रोलिंग लावतोय: भोक लहान पाडायचं आणि कडं फिरवून मोठं करायचं. बार कमी लागतो, म्हणून तापवायचाही कमी.

तेलाच्या भावाने हे का करवून घेतलं नाही? तेल वर जाऊन परत खाली येतं, हे अण्णांना पाठ होतं. युरोपचं वेळापत्रक मात्र छापलेलं आहे. तिथल्या कारखान्यांना कार्बन सोडण्यासाठी मिळणारे मोफत परवाने 2026 मध्ये अडीच टक्क्यांनी घटतात, 2030 ला साडेअठ्ठेचाळीस टक्के घटलेले असतील, 2034 ला शून्य. तसतसा सीबॅमचा आकार आमच्या मालावर चढतो. परवान्याचा भाव खालीवर होईल, फेब्रुवारी 2023 मध्ये तो टनभर कार्बन डायऑक्साइडला 100 युरोला टेकलाही होता, पण दिशा ठरलेली आहे. बँकेच्या साहेबांपुढे तेवढं एक पान ठेवता आलं.

सध्याचं भांडण बार पुरवणाऱ्यांशी आहे. टेस्ट सर्टिफिकेटवर रसायन असतं, ताकद असते. कार्बनचा आकडा मागितला की पुढच्या आठवड्यात देतो म्हणतात. तो आला नाही तर ग्राहकाला युरोपचा ठोक आकडा धरावा लागतो, आणि तो आमच्या सोयीने ठरवलेला नाही. त्यामुळे नव्या ऑर्डरवर अट टाकली आहे: आकडा नाही, तर ॲडव्हान्स नाही.