आजोबांची रोजनिशी फ्लॉपीतून युनिकोडमध्ये: चार महिन्यांची नोंद

१२ ऑक्टोबर २०२५

विंडोज १० चा मोफत पाठिंबा परवा, म्हणजे १४ ऑक्टोबरला, संपतो आहे. २९ जुलै २०१५ रोजी बाजारात आलेली ही प्रणाली माझ्या लॅपटॉपवर पहिल्या दिवसापासून होती. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो, आणि माझा प्रोसेसर पाचव्या पिढीचा आहे. आणखी एक वर्ष सुरक्षा सुधारणा मिळवण्याची सोय कंपनीने ठेवली आहे, परंतु ती १३ ऑक्टोबर २०२६ ला संपेल आणि तेव्हा मी पुन्हा याच जागी उभा असेन. म्हणून आजच लिनक्स मिंट २२ या मोफत प्रणालीची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती बसवली. तिला २०२९ पर्यंत पाठिंबा आहे. तपकीर गल्लीतून आठ जीबीची वापरलेली रॅमची पट्टी आणि एक एसएसडी आणली. रॅम बसवताना एका स्क्रूची खाच गेली, एवढेच काय ते सांगण्यासारखे.

यंत्र हाती आले तेव्हा ज्या कामासाठी ते हवे होते त्याकडे वळलो. आजोबांनी १९५५ ते १९६२ या काळात रोजनिशी लिहिली. नारायण पेठेत डीटीपीची, म्हणजे संगणकावर छपाईची पाने जुळवण्याची, कामे करणाऱ्या आत्याने १९९८ ते २००० च्या दरम्यान ती फावल्या वेळात टंकलिखित केली. मूळ वह्यांपैकी दोनच वाळवीच्या तावडीतून सुटल्या, आणि १९६१ ची वही त्यांत नाही. राहिल्या आहेत त्या तेवीस फ्लॉप्या.

१९ ऑक्टोबर

यूएसबीला जोडता येणारा फ्लॉपी ड्राइव्ह मिळाला. ज्यांना हे काम करायचे असेल त्यांनी फ्लॉपी ड्राइव्हमध्ये घालण्यापूर्वी तिची धातूची पट्टी सरकवून, मागची चकती बोटाने फिरवून आतली फिल्म उजेडात पाहावी. पुण्याच्या पावसाळ्यात कपाटात राहिलेल्या फ्लॉप्यांवर बुरशीचे पांढरे ठिपके असतात, आणि तशी एक फ्लॉपी ड्राइव्हचे हेड खराब करून पुढच्या चांगल्या फ्लॉप्यांनाही ओरखडे पाडते. मी ठिपकेवाल्या पाच बाजूला ठेवल्या आणि सर्वांत शेवटी वाचल्या.

फाइली थेट कॉपी न करता प्रत्येक फ्लॉपीची डीडीरेस्क्यू वापरून संपूर्ण प्रतिमा, म्हणजे जशीच्या तशी प्रत, घेतली. एका फ्लॉपीवर ५१२ बाइटांचे २,८८० सेक्टर, म्हणजे कप्पे, असतात. हा प्रोग्राम आधी सहज वाचता येणारे सेक्टर घेतो, अडणारे बाजूला ठेवतो आणि नंतर त्यांच्याकडे पुन्हा पुन्हा वळतो. कोणता भाग वाचला गेला आणि कोणता नाही याची नोंद तो वेगळ्या फाइलीत ठेवत असल्यामुळे काम मध्येच थांबवून दुसऱ्या दिवशी पुढे चालू करता येते. एकोणीस फ्लॉप्या पूर्ण वाचल्या गेल्या, तीन अर्धवट, आणि एकीने दाद दिली नाही. आत्याची शिस्त अशी, की पेजमेकर या डीटीपीच्या प्रोग्राममध्ये पाने लावण्याआधीचा साधा मजकूरही तिने वेगळ्या फाइलींत जपला होता. लिब्रेऑफिस या मोफत कार्यालयीन सॉफ्टवेअरचे ड्रॉ हे अंग पेजमेकरच्या फाइली उघडते, पण त्याची मला गरजच पडली नाही.

आनंद दहा मिनिटे टिकला. पहिली फाइल उघडून पाहिली तर पडद्यावर इंग्रजी अक्षरे, स्वल्पविराम, कंस आणि चौकटीतली प्रश्नचिन्हे यांची खिचडी होती. पुढची चूक माझी. मी ती फाइल लिब्रेऑफिसमध्ये उघडली, तिच्यावर स्वयंदुरुस्ती चालवली आणि ती साठवली. स्वयंदुरुस्तीने सरळ अवतरणचिन्हांची वळणदार अवतरणचिन्हे केली, आणि त्या जुन्या फॉन्टमध्ये सरळ अवतरणचिन्हाच्या जागी अर्धा ष होता. एका साठवणीत शेकडो ष गेले. मूळ प्रतिमा शाबूत होती म्हणून निभावले. तेव्हापासून या फाइली मी कोणत्याही संपादकात उघडत नाही. पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेने त्या केवळ बाइट म्हणून वाचतो.

२३ ऑक्टोबर, भाऊबीज

युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला ठरावीक क्रमांक देणारी सामाईक पद्धत, रुळण्यापूर्वीच्या मराठी डीटीपी फॉन्टमध्ये फाइलीत अक्षर साठवलेले नसतेच. साठवलेला असतो तो २५६ खणांपैकी एका खणाचा क्रमांक, आणि त्या खणात कोणते चित्र आहे हे फक्त फॉन्टला ठाऊक असते. याच शहरात सीडॅक ही सरकारी संगणक संशोधन संस्था १९८८ पासून आहे, भारतीय लिप्यांसाठी इस्की ही प्रमाण संकेतावली १९९१ मध्ये प्रसिद्ध झाली होती, तरी पेठांमधल्या डीटीपीच्या दुकानांत ज्याच्या त्याच्या फॉन्टचे ज्याचे त्याचे खण चालत राहिले. आत्याचा फॉन्ट या हातातून त्या हातात आलेला होता. त्याची फाइल एकाही फ्लॉपीवर सापडली नाही, आणि त्याच नावाचा जो फॉन्ट मला मिळाला त्यात निम्मे खण वेगळे निघाले.

आत्या भाऊबीजेला बाबांकडे आली होती. जेवणानंतर मी तिला विचारले, की कोणते अक्षर कोणत्या कळीवर याचा तक्ता कुठे असेल का. ती म्हणाली, "अरे, तक्ता भिंतीवर चिकटवला होता. दुकान सोडलं तेव्हा भिंतीवरच राहिला." कोणते अक्षर कोणत्या कळीवर होते हेही तिला सांगता येईना. मग मी तिच्यासमोर लॅपटॉप ठेवला आणि मी एकेक अक्षर उच्चारीन, तू नुसती टाइप कर, असे म्हटले. तिने बोटे ठेवली आणि लगेच उचलली. "याला नंबरपॅड कुठंय?" माळ्यावरून जुना मोठा कीबोर्ड काढून जोडला, आणि अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या त्या बाईने मी "अर्धा ध" म्हणताच ऑल्ट दाबून चार आकडे असे मारले, की मला पुन्हा विचारावे लागले. ऑल्ट धरून आकडे देण्याची ही सोय विंडोजची आहे. लिनक्सवर ती चालत नसल्यामुळे दाबलेल्या कळा नुसत्या टिपून ठेवणारा वीस ओळींचा प्रोग्राम मी तिथेच बसून लिहिला. दीड तासात १८७ संकेत जमले. मध्येच ती थांबे, डोळे मिटून हवेत बोटे हलवी आणि मग सांगे. बाबा शेजारी बसून फराळ संपवत होते.

९ नोव्हेंबर

संकेत हाती आले की काम संपले असे मला वाटले होते. खरी गंमत त्यानंतर सुरू झाली. जुन्या फॉन्टमध्ये मजकूर कागदावर दिसतो त्या क्रमाने साठवलेला असतो, आणि युनिकोडमध्ये उच्चाराच्या क्रमाने. 'स्थिती' या शब्दात पहिली वेलांटी जुन्या फाइलीत सर्वांत आधी येते. युनिकोडमध्ये ती स्, थ यांच्या नंतर हवी. म्हणजे वेलांटी पूर्ण जोडाक्षरापलीकडे न्यायची, परंतु जोडाक्षर कुठे संपते हे कळण्याची पंचाईत असते, कारण अर्धा ग आणि काना मिळून पूर्ण ग होतो. काना दिसला की तो अक्षराचा दांडा आहे की आकार आहे हे आधी ठरवावे लागते. 'गा' साठी आत्याने अर्धा ग आणि पाठोपाठ दोन काने दिलेले आहेत.

रफार याच्या उलट, तो मागून पुढे आणावा लागतो. 'सर्वांनी' या शब्दाने माझे दोन रविवार खाल्ले. फॉन्टमध्ये रफार आणि अनुस्वार यांचे मिळून एकच चित्र आहे आणि ते 'वा' नंतर येते. त्याचे दोन तुकडे करून रफार व च्या आधी न्यावा लागतो आणि अनुस्वार कान्यानंतर ठेवावा लागतो. या एका चित्रासाठी वेगळा नियम लिहिला.

मराठीचा खास 'ऱ्य' मी पहिल्या फेरीत विसरलो होतो आणि सगळीकडे रफारच दिला होता. त्यामुळे १९५८ मधल्या एका लग्नात पंगतीसाठी बोलावलेल्या आचाऱ्याला आजोबांनी बिदागी दिली, तिथे ती आचार्याला दिल्याचे वाचायला मिळाले. दुरुस्ती करताना आणखी एक अडचण लक्षात आली. हा 'ऱ्य' युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो. एक प्रकार यू+०९३१ या स्वतंत्र ऱ चा, आणि दुसरा साधा र, हलन्त आणि झिरो विड्थ जॉइनर या अदृश्य चिन्हाचा. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, पण 'दुसऱ्या' हा शब्द एका प्रकाराने शोधला तर दुसऱ्या प्रकाराने लिहिलेला सापडत नाही. मी सगळीकडे पहिला प्रकार ठेवला आहे, आणि आपापल्या संग्रहात शोध नीट लागत नसेल तर आधी हेच तपासावे असे सुचवतो.

७ डिसेंबर

मेमरीच्या किमतींच्या बातम्या गेले महिनाभर वाचतो आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरांना लागणाऱ्या मेमरीकडे कारखाने वळल्यामुळे साध्या संगणकांची रॅम महागली आहे, आणि ३ डिसेंबरला मायक्रॉनने तर ग्राहकांसाठीचा क्रुशियल हा व्यवसायच बंद करण्याचे जाहीर केले. ऑक्टोबरमध्ये घेतलेली माझी जुनी पट्टी आता शहाणपणाची खरेदी वाटते, पण त्यात माझे कर्तृत्व काही नाही.

ज्या यंत्रांसाठी ही सारी मेमरी चालली आहे त्यांच्यापैकी एकाची परीक्षाही याच आठवड्यात घेतली. संकेत न देता जुन्या मजकुराची तीन पाने एका चॅट साहाय्यकाला दिली आणि मराठीत रूपांतर मागितले. उत्तर काही सेकंदांत आले, अतिशय स्वच्छ मराठीत. त्यात पानशेतच्या पुराचे पान होते. बुधवार, १२ जुलै १९६१ ची ती नोंद आजोबांनी तीन दिवसांनी लिहिली होती, आणि ती अवघी सहा ओळींची आहे. साहाय्यकाच्या रूपांतरात लष्कराचे जवान मदतीला आल्याचे एक वाक्य होते. ते इतिहासाला धरून आहे. पण माझ्या तक्त्याने तेच पान सोडवले तेव्हा त्या सहा ओळींत जवानांचा उल्लेख कुठेही नव्हता. आजोबांनी लिहिले होते ते ओल्या धान्याबद्दल आणि शेजारच्या घरी नेऊन ठेवलेल्या शिवणयंत्राबद्दल. चुकीचे वाक्य निदान खटकते तरी. हे बरोबर वाक्य होते, आणि मूळ वही हाती नसताना मी ते डोळे झाकून आजोबांच्या नावावर जमा केले असते.

दुसरे असे, की साहाय्यकाने सगळे अनुस्वार पुसून टाकले. आजोबा 'कांहीं', 'नाहीं', 'घरीं' असे लिहीत. साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम १९६२ चे, म्हणजे ही रोजनिशी जवळजवळ सगळी त्याआधीची आहे, आणि आत्याने टंकलेखन करताना ते अनुस्वार एकूण एक राखले होते. लिब्रेऑफिसचा शुद्धलेखन तपासनीस अशा प्रत्येक शब्दाखाली लाल रेघ ओढतो. मी तो बंद करून ठेवला आहे.

४ जानेवारी २०२६

शुद्धलेखन तपासता येत नाही तर चुका शोधायच्या कशा, या प्रश्नाचे अर्धे उत्तर आजोबांनीच देऊन ठेवले आहे. त्यांनी प्रत्येक नोंदीवर तारीख आणि वार दोन्ही लिहिले आहेत. तारखेवरून वार काढून लिहिलेल्या वाराशी ताडणारा छोटा प्रोग्राम केला. पहिल्याच फेरीत चुकांची रांग लागली, कारण ३ आणि ८ या अंकांचे संकेत मी अदलाबदल करून ठेवले होते. ते सुधारल्यावर अकरा विसंगती उरल्या. त्यांतल्या चार जानेवारीच्या पहिल्या आठवड्यातल्या आहेत: वार नव्या वर्षाचा, साल मात्र मागचेच. या मी दुरुस्त केलेल्या नाहीत. उरलेल्या सात आत्याच्या हातून झालेल्या असाव्यात; तिला दाखवल्यावर ती म्हणाली, "माझ्या नसतील हां, तुझाच प्रोग्राम बघ." पाहिला. पाच तिच्या होत्या, दोन माझ्या.

१५ फेब्रुवारी

वाचता आलेल्या सगळ्या फाइली आता युनिकोडमध्ये आहेत. छपाईसाठी तीरो देवनागरी मराठी हा फॉन्ट लावून पाहिला. त्यात ल आणि श मराठी वळणाचे येतात आणि अनुस्वारांची गर्दीही सुसह्य दिसते. प्रती तीन ठेवल्या आहेत: एक लॅपटॉपवर, एक बाहेरच्या डिस्कवर, एक भावाकडे औंधला. फ्लॉप्यांच्या मूळ प्रतिमा, बाइट न बदलता, त्यांच्यासोबतच आहेत, आणि आत्याच्या बोटांतून उतरलेला तक्ताही. अर्धवट वाचल्या गेलेल्या तीन फ्लॉप्यांत मिळून साधारण चाळीस नोंदींचे तुकडे गेले आहेत. न वाचलेली फ्लॉपी दुसऱ्या ड्राइव्हवर एकदा लावून पाहणार आहे.

तीन संकेत अजून सुटलेले नाहीत. ते फक्त जमाखर्चाच्या ओळींत, आकड्यांच्या मागे येतात, आणि १९५७ च्या उन्हाळ्यानंतर एकदाही आलेले नाहीत. दशमान नाणी १ एप्रिल १९५७ पासून चालू झाली, त्यामुळे आण्यांच्या हिशेबातल्या पाव, अर्धा आणि पाऊण यांच्या उभ्या रेघा असाव्यात असा माझा कयास आहे. तसे असेल तर युनिकोडमध्ये या अपूर्णांकांसाठीही २००९ पासून जागा आहे. आत्या सध्या नाशिकला मुलीकडे आहे. पुढच्या महिन्यात परत येईल, तेव्हा मोठा कीबोर्ड घेऊन तिच्याकडे जाईन आणि "पाऊण आणा" म्हणून बोटे कुठे जातात ते पाहीन.