किती वाजले?

"आई, तू आत्ता घड्याळ बघितलंस ना? किती वाजले?"

मला सांगता येईना. दोन सेकंदांपूर्वी मी मनगटाकडे पाहिलं होतं, अगदी दोनदा. लेक काहीतरी मनापासून सांगत होती आणि माझं "हं, हं" चाललं होतं.

घड्याळ दोनदा बघायची सवय मी मुद्दाम लावून घेतली आहे. स्वप्नातले आकडे, अक्षरं सहसा एका जागी टिकत नाहीत. जागेपणी हा चाळा अंगवळणी पडला की कधीतरी स्वप्नातही हात वर जातो आणि आपण स्वप्नात आहोत हे कळतं. परवा पहाटे तसं झालंही. सव्वातीन वाजले होते; पुन्हा पाहिलं तर तासकाटाच नव्हता! आनंदाच्या भरात लगेच जागच आली.

१९७५ साली इंग्लंडमधल्या हल विद्यापीठात कीथ हर्न या संशोधकांनी झोपलेल्या माणसाकडून खूण मिळवली होती. रेम झोपेत, म्हणजे ठळक स्वप्नं पडतात त्या टप्प्यात, शरीर जवळजवळ लुळं असतं, पण डोळे हलतात. त्या झोपलेल्या माणसाने स्वप्नातून ठरल्याप्रमाणे डोळे डावी-उजवीकडे फिरवले. झोपेत एवढं भान! हे आठवलं की अजूनही अंगावर काटा येतो.

आणि मी भर दुपारी, लेकीसमोर बसून, आकडा न वाचताच घड्याळ बघत होते. हात सवयीने वर गेला, 'मी स्वप्नात आहे का?' हा प्रश्न मात्र मी स्वतःला विचारलाच नाही.

उद्यापासून वेळ मोठ्याने म्हणणार आहे. तुमच्यापैकी कुणी हे करून पाहिलंय का?