इंदूर: राजवाडा, रामबाग आणि आजीची बहीण

सध्या लिहिते आहे त्या कादंबरीत आजीच्या धाकट्या बहिणीचा मृत्यू आहे. आजीचं माहेर इंदूरचं. १९१८ च्या इन्फ्लुएन्झात ही मुलगी गेली. साथीबद्दल पुस्तकांत पुष्कळ सापडतं. मुंबईत शिरलेला ताप रेल्वेने देशभर पोचला, कोटीच्या वर माणसं दगावली. पण ती मुलगी होती कशी? ते विचारायला इंदूरला आत्याकडे गेले.

आधी राजवाडा पाहिला. खालचे तीन मजले दगडी, वरचे चार लाकडी. १९८४ च्या आगीत बराच भाग जळाला, तो पुन्हा बांधलाय. समोरच्या बागेत अहिल्याबाईंचा पुतळा आहे. त्यांची देवळं, घाट, न्याय आपल्याला शाळेपासून पाठ. मला मात्र तिथे त्यांची गेलेली माणसं आठवत राहिली. १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात पती खंडेराव, १७६६ मध्ये सासरे मल्हारराव, पुढच्याच वर्षी मुलगा मालेराव. ‘दुःख गिळून राज्य केलं’ असं लिहून आपण पुढे जातो. मालेरावाच्या वाट्याला तर वेडाच्या आणि क्रौर्याच्या गोष्टीच आल्या. त्याच्या आईने त्याला रांगताना पाहिलं होतं, पहिला घास भरवला होता. कादंबरी लिहायची ती त्यासाठी, असं मला मनापासून वाटतं.

आत्या रामबागेत राहते. “बैस, पोहे करून राहिलेय,” म्हणाली. वर शेव, जीरावन, लिंबू. खाता खाता विषय काढला.

“मावशी? भारी हट्टी होती म्हणे. विहिरीकडे जाऊ नको म्हटलं की तिथेच जाऊन बसणार. आईच्या वेणीतला गजरा ओढून स्वतः माळणार. आई हे सांगताना अजून चिडायची गं, इतक्या वर्षांनी!”

बहिणीवर शेवटपर्यंत चिडणारी आजी मला ठाऊकच नव्हती. आमच्याकडे ती देवासमोर बसलेली, शांत. आत्या सांगत गेली. पुरण घातलं की आजी पहिली पोळी वेगळी काढायची, कुणाला हात लावू द्यायची नाही. मावशीचं नाव घरात पुन्हा कुणाचं ठेवलं नाही.

“आत्या, लिहू ना हे सगळं?”

“लिही की. पण तापाचं फार लांबवू नकोस. आधी तिला चार खोड्या करू दे.”