पाडव्याची गाडी, दसऱ्याची गाडी

एकच मॉडेल, एकच व्हेरिएंट, रंगही दोन्हींचा पांढरा. मे महिन्यातल्या त्या शनिवारी सकाळी नऊ वाजता दोन्ही गाड्या आमच्या वर्कशॉपच्या दारात शेजारी शेजारी लागल्या. एक धाकट्या भावाची, दसऱ्याला घेतलेली. दुसरी थोरल्याची, पाडव्याची. थोरल्यांना मी इथं अण्णा म्हणतो. कोल्हापूरच्या उद्यमनगरात त्यांनी चाळीस वर्षं बोरिंग-होनिंगच्या, म्हणजे इंजिनाचे सिलिंडर आतून कापून-घासून मापात आणायच्या मशीनवर काढली आणि आता निवृत्त झालेत. आयुष्यातली पहिली नवी गाडी. पहिल्या फ्री सर्व्हिसला आली तेव्हा ९४० किलोमीटर झाले होते.

तक्रार इंजिनाची नव्हतीच. "हे बघा की ओ साहेब," त्यांनी माझा हात धरून दाराच्या खालच्या कप्प्यात घातला, "त्याच्या गाडीत आतनं कापड लावल्यालं हाय, माझ्यात नुसतं प्लास्टिक. मला खालचं मॉडेल दिलंय काय?"

मी एकोणीस वर्षं या धंद्यात आहे. ट्रिमच्या, म्हणजे गाडीच्या आतल्या सजावटीच्या तक्रारी रोज ऐकतो. पण असं बोटांनी बघणारा गिऱ्हाईक मी पाहिला नव्हता. दसऱ्याच्या गाडीचा ग्लोव्हबॉक्स उघडला की हळूहळू खाली येतो, पाडव्याच्या गाडीचा धाडकन गुडघ्यावर पडतो, कारण त्याला सावकाश उतरवणारा आतला डॅम्पर कंपनीनं काढून टाकला. डोक्यावरचं हँडल एकात सावकाश मिटतं, दुसऱ्यात खटकन. बॉनेटच्या आतली आवाज दाबणारी गादी एकात आहे, दुसऱ्यात उघडा पत्रा आणि गादीच्या क्लिपांची रिकामी भोकं. डॅशबोर्डचा दाणासुद्धा वेगळा निघाला. मी तो डोळ्यांनी ओळखला नसता. अण्णांनी डोळे मिटून दोन्हीकडे अंगठा फिरवला आणि सांगितलं, "ह्यो डाय दुसरा हाय." डाय म्हणजे साचा. पुढच्या काचेच्या डाव्या खांबावरचं कव्हर डॅशला जिथं भिडतं, तिथं त्यांचं नख आत जात होतं. उजवीकडे जात नव्हतं.

सहा महिन्यांत किमतीला हात न लावता एवढं काढून घेतलेलं होतं. कंपनीच्या माहितीपत्रकावर तळाला बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की पूर्वसूचनेशिवाय बदल होऊ शकतो. कायद्यात ते बसत असेल. पण ज्या माणसानं उभ्या आयुष्यात शंभरावा हिस्सा मिलिमीटर सोडला नाही, त्याला ते वाक्य वाचून दाखवायची मला लाज वाटली. व्हेरिएंट बरोबर आहे हे चॅसिस नंबरवरून दाखवलं. खांबाच्या कव्हरची क्लिप अर्धवट बसली होती, ती काढून नवी लावली, मागे फेल्टची, म्हणजे जाड दाबलेल्या कापडाची टेप मारली. बाकीचं माझ्या हातात नव्हतं.

आणि मग मी डिपस्टिक, म्हणजे इंजिनातलं तेल मापायची काडी, ओढली.

ही ओढायची राहूनच जाते, म्हणून सांगतो. आमच्याकडे पहिल्या सर्व्हिसला ऑइल बदलत नाहीत, फक्त तपासणी असते. तपासणीच्या कागदावर 'इंजिन ऑइल लेव्हल'समोर टिक करायची असते, आणि नवी पोरं ती गाडी धुवायला जाताना करतात. नव्या गाडीत काय कमी होणार, असं त्यांना वाटतं. शिवाय आमच्या शेडची फरशी गटाराकडे उतरती आहे. गाडी उभी करायच्या जागांपैकी, म्हणजे बेंपैकी, सपाट आहे ती फक्त बे क्रमांक ४. इतर ठिकाणी मापलं तर काडी खोटं बोलते. इंजिन गरम करून बंद करायचं, दहा मिनिटं थांबायचं म्हणजे वरचं तेल खाली उतरतं, मग पुसून परत बुडवायची. अण्णांच्या गाडीची काडी खालच्या खुणेला जेमतेम लागली. दोन खुणांमध्ये साधारण एक लिटरचा फरक. भावाच्या गाडीवर ११,००० किलोमीटर झालेले, तरी त्याची पातळी वरच्या खुणेच्या जरा खाली.

गळती कुठेही नव्हती. म्हणजे गाडी तेल खात होती.

"अण्णा, चालवता कशी?"

त्यांनी अभिमानानं सांगितलं. रोज सकाळी दहा मिनिटं उभी चालू ठेवायची, मग रंकाळ्याला एक फेरी, मग घरी. पन्नासच्या वर कधी नाही. पाय हलका. पन्नासला पाचवा गिअर, म्हणजे आरपीएम दीड हजाराच्याही खाली. डिलिव्हरी देताना आमच्याच सेल्सच्या मुलानं सांगितलं होतं, "हजार किलोमीटर पन्नासच्या वर नेऊ नका." पाडव्याच्या दिवशी एकामागून एक चाव्या द्यायच्या असतात, पेढे, हार, फोटो, त्यात रनिंग-इनला, म्हणजे नवं इंजिन सुरुवातीला कसं चालवायचं ते सांगायला, मिळतात दोन वाक्यं. त्यातलं एक हे. गाडीच्या पुस्तिकेत तसं लिहिलेलंच नाही. तिथं लिहिलंय की सुरुवातीला पूर्ण अॅक्सिलरेटर दाबू नका, बराच वेळ एकाच वेगानं चालवू नका, वेग बदलता ठेवा. पुस्तिका ग्लोव्हबॉक्समध्ये प्लास्टिकच्या पिशवीत जशीच्या तशी होती.

अण्णांना कारण समजावून सांगायची गरज नव्हती, आणि हेच मला सगळ्यात जास्त लागलं. सिलिंडरच्या भिंतीवर होनिंगची जी तिरकी जाळी असते, ती त्यांनी हजारो ब्लॉकांवर मारलेली. तिच्या चरांत तेल टिकतं आणि तिच्या धारांवर नव्या रिंगा, म्हणजे तेल वर जाऊ न देणारी पिस्टनभोवतीची कडी, घासून बसतात. पण रिंग भिंतीवर दाबली जाते ती नुसत्या तिच्या स्प्रिंगनं नाही. जळलेल्या वायूचा दाब रिंगच्या मागे शिरतो आणि तिला बाहेर रेटतो. इंजिनावर लोडच, म्हणजे भारच नसेल तर तो दाब कमी, रिंग नीट घासत नाही, भिंतीवर तेल जास्त राहतं आणि तिथंच भाजून चिकट थर धरतं. जाळी बुजते, भिंत काचेसारखी होते. त्यानंतर रिंगा बसणं अवघड. हल्ली कारखान्यातच जाळीची टोकं घासून काढलेली असतात, त्यामुळं रनिंग-इन पूर्वीइतकं लांब उरलेलं नाही. तरी शेवटचं बसणं रस्त्यावरच होतं.

मी कॉइल आणि प्लग काढून मधल्या सिलिंडरमध्ये बोअरस्कोप, म्हणजे नळीच्या टोकाचा बारीक कॅमेरा, सोडला. आमच्या मॅनेजरांना गिऱ्हाइकाला असलं काही दाखवलेलं आवडत नाही, वाद वाढतो म्हणतात. मी स्क्रीन अण्णांच्या हातात दिली. खाली जाळी स्वच्छ दिसत होती. वर एका बाजूला बोटभर रुंदीचा पट्टा चकाकत होता.

बराच वेळ ते बघत राहिले. आपण मारतो ती जाळी चालत्या गाडीच्या पोटात कधी बघितली नव्हती म्हणाले. मग म्हणाले, "आमीबी सांगायचो की ओ. बोअर मारून दिला की ट्रकवाल्याला सांगायचं, पाचशे किलोमीटर चाळीसवर." आणि थांबले. "पर त्यो चाळीस तिसऱ्या गिअरात असायचा. अर्धा माल भरून, गगनबावड्याचा घाट चढून."

हे वाक्य माझ्या डोक्यातून अजून जात नाही. आकडा तेवढा राहिला. गिअर गेला, माल गेला, घाट गेला. मीसुद्धा इतकी वर्षं लोकांना 'हळू चालवा' एवढंच सांगत आलोय.

कंपनीला मेल टाकला. उत्तर आलं, तेलाचा खप मर्यादेत आहे, वापर चालू ठेवावा. काही कंपन्यांच्या पुस्तिकांत हजार किलोमीटरला अर्ध्या लिटरपर्यंतचा खप चालतो, हे खरं. अण्णांच्या गाडीनं त्याहून जास्त खाल्लं होतं, पण कारखान्यातून ती वरच्या खुणेपर्यंत भरून निघाली होती याचा कागद माझ्याकडे नाही. कारण डिलिव्हरीआधीच्या तपासणीतही तीच टिक. ती टिक माझ्याच माणसाची.

मग आम्ही नीट मापायला घेतलं. वरच्या खुणेपर्यंत तेल भरलं, झाकण, काडी आणि ड्रेन बोल्टवर रंगाची खूण मारली, किलोमीटर लिहून अण्णांची सही घेतली. सकाळचं उभं चालवणं बंद करायला सांगितलं. "इंजिन गरम झालं की चौथ्या गिअरात दोन हजारावरून साडेतीनपर्यंत दमानं ओढा, मग पाय काढून तशीच उतरू द्या. पुन्हा ओढा." पाय काढला की सिलिंडरमध्ये ओढ बसते आणि लोड, ओढ, लोड असं चालू राहतं. त्यासाठी आंबा घाटासारखा रस्ता नाही. त्याच वाटेवर पुढे रत्नागिरीला त्यांची बहीण असते. दोन महिन्यांत चार वेळा जाऊन आले.

परत आले तेव्हा खुणा शाबूत होत्या. बे ४ वर लावून मापाच्या भांड्यानं वरच्या खुणेपर्यंत तेल घातलं. २५० मिली लागलं.

आनंद झाला. पण रिंगा बसल्या म्हणून कमी झालं, की पहिल्यांदा तेल कमीच भरलं होतं आणि खप आधीपासून एवढाच होता, हे मला सांगता येत नाही. चकाकणारा पट्टा दुसऱ्यांदा बघितला तेव्हा मला अरुंद वाटला. अण्णा म्हणाले, तेवढाच आहे. डोळा त्यांचा जास्त तयार आहे.

त्याच फेरीला मी दार उघडलं तर खालच्या कप्प्यात काळा फेल्ट होता. चारही दारांत. कोपऱ्यांची गोलाई इतकी अचूक कापलेली की कंपनीचाच वाटावा. "आता किल्ली खुळखुळत न्हाई," एवढंच बोलले.

पुढचे हजार किलोमीटर झालेत. काल फोन आला, गुरुवारी येतो म्हणून. बे ४ मोकळी ठेवायला सांगितली आहे, आणि मी येईपर्यंत त्या गाडीच्या काडीला कुणी हात लावायचा नाही असंही.