तुम्ही विचारलंत म्हणून: "गंभीर कधी लिहिणार?"

माझा विनोदी कवितांचा संग्रह येतोय हे कळल्यापासून जो भेटतो तो हेच विचारतो. छान आहेत हो, मजा येते वाचताना, पण कुकर झाला, पार्किंगची भांडणं झाली, पीएमपीच्या बसची वाट बघून झाली, आता जरा गंभीर लिहा की! एकदाच सविस्तर सांगते.

हे पुण्यात विचारलं जातं याचा मला जास्त राग येतो. इथेच १९२३ला रविकिरण मंडळ हे कवींचं मंडळ निघालं आणि १९२५ला अत्र्यांनी केशवकुमार नावाने 'झेंडूची फुले' काढून तेव्हाच्या कवींची रेवडी उडवली, आणि वृत्तावर पक्की पकड असल्याशिवाय तसलं विडंबन जमत नाही. त्याच्या कितीतरी आधी एकनाथांचं विंचवाचं भारूड. लोक हसतात आणि हसताहसता कळतं की हा विंचू म्हणजे आपलाच काम-क्रोध. याहून गंभीर काय असतं?

आता 'बुधवार' या कवितेबद्दल. गुरुवारी पाणी बंद, शुक्रवारी उशिरा आणि कमी दाबाने, हे पुणेकरांना समजावायला नको. आई बुधवारी रात्री घरातलं भांडं न् भांडं भरून ठेवायची. शेवटी शेवटी तिला डिमेन्शिया झाला आणि मग आमच्याकडे रोजच बुधवार. पिंप, बादल्या भरून झाल्या की पातेली, मग वाट्या, थर्मास, देवाचं ताम्हन, एकदा तर इडलीपात्राच्या प्रत्येक खळग्यात पाणी, आणि ते घेऊन ती न सांडता हॉलपर्यंत आलेली. माझं नाव आठवायचं नाही पण भरताना मनाचे श्लोक म्हणायची ते एका अक्षराने चुकायचे नाहीत. म्हणून कविता त्या श्लोकांच्याच वृत्तात, भुजंगप्रयातात लिहिली, ओळीला बारा अक्षरं, तिच्याच चालीवर म्हणता येईल अशी.

सदाशिव पेठेतल्या एका कविसंमेलनात ती वाचली. इडलीपात्राला हॉल दणाणला. मलाही ते हवंच होतं, कारण आम्ही घरातही त्यावर हसलो होतो, आईसुद्धा हसली होती. शेवटच्या कडव्यात ती मला विचारते, तुम्ही कोणाकडे आलात, पाणी देऊ का? तिथेही हसले. मी खाली बसले आणि अध्यक्ष माइकवर म्हणाले, "चला, विरंगुळा झाला, आता कवितेकडे वळूया." पुढचं संमेलन मला काहीही ऐकू आलं नाही.

घरी येऊन तोच विषय मुक्तछंदात लिहिला. अंधार, पोकळी, आटलेली नदी. दोन-तीन जणांना दाखवला, त्यांना फार आवडला. मला त्यात आई कुठेच दिसेना, फाडून टाकला. तेव्हाची मी म्हणायची की हसू आलं म्हणजे कविता पोचली. आता तसं छातीठोकपणे म्हणवत नाही, कारण त्या दिवशी नक्की काय पोचलं? पण गंभीर चेहऱ्याने लिहिलं असतं तर जास्त पोचलं असतं हेही मला अजिबात मान्य नाही.

ताई तर वेगळंच विचारते. आईला लोकांच्या हसण्यापुढे उभं का केलंस? तिला मी सांगते की मी आईला उभं नाही केलं, ती जशी होती तशी आणली. ताईला हे पटत नाही, आणि तिने आईचं माझ्यापेक्षा जास्त केलंय, त्यामुळे मी फार भांडूही शकत नाही. ती म्हणते काढून टाक. प्रूफं टेबलावर आहेत, कविता अजून आत आहे.