वर्षभराची घरशाळा: आधी सुट्ट्या मांडा, धडे नंतर

मुलांना घरी शिकवणारी बरीच घरं वेळापत्रक मात्र शाळेचंच ठेवतात. जूनच्या मध्याला सुरुवात, एप्रिलअखेर शेवट, मग सहा-सात आठवडे वही बंद. जूनमध्ये पुन्हा बसलं की 402 मधून 178 वजा करायला द्या. ज्या मुलाला मार्चमध्ये हे सहज येत होतं, ते आता 376 लिहितं. प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक काढून मोकळं होतं, कारण दशकाच्या घरात शून्य असताना शतकाकडून उसनं कसं आणायचं ते सुटलेलं असतं. ही गत एकट्या वजाबाकीची नसते. पाढे, जोडाक्षरं, इंग्रजी स्पेलिंग, सगळ्यांवर गंज चढतो आणि जून त्याच्या दुरुस्तीत जातो. वर्षभराचं वेळापत्रक घ्यायचं ते यासाठी. मूल त्यामुळे जास्त शिकेल असं नाही, शिकलेलं टिकेल.

सर्वात रुळलेली मांडणी म्हणजे सहा आठवडे अभ्यास, ही एक फेरी, आणि सातवा मोकळा. अमेरिकेतल्या अनेक घरशाळा अशा चालतात. ती जशीच्या तशी आपल्याकडे आणली की भाद्रपदात अडकते, कारण आपले सण तिथीने येतात. 2025 मध्ये 16 जूनच्या सोमवारी सुरुवात केली असती, तर 27 ऑगस्टची गणेश चतुर्थी दुसऱ्या फेरीच्या चौथ्या आठवड्यात, ऐन मध्यावर आली असती. 2026 मध्ये अधिक ज्येष्ठ असल्यामुळे चतुर्थी 14 सप्टेंबरला, म्हणजे 18 दिवस पुढे. म्हणून मागच्या वर्षीचा तक्ता पुढच्या वर्षी चालत नाही. भिंतीवरचं कालनिर्णय समोर घ्या, आधी सुट्ट्या रंगवा आणि उरलेल्या जागेत अभ्यास बसवा.

2026-27 चा हिशोब करून पाहा. 15 जूनला सोमवार आहे. सहा आठवडे 26 जुलैपर्यंत, मग एक आठवडा सुट्टी. 3 ऑगस्टपासूनचे सहा आठवडे 13 सप्टेंबरला संपतात आणि दुसऱ्या दिवशी गणपती. गावी कोकणात जाणाऱ्यांनी ही फेरी पाच आठवड्यांची करावी. गाडीत बसायच्या आदल्या दिवशी धडा संपवायची घाई कुणालाच झेपत नाही. 21 सप्टेंबर ते 1 नोव्हेंबर तिसरी फेरी. लक्ष्मीपूजन 8 नोव्हेंबरला आणि भाऊबीज त्यानंतर, तेव्हा इथे एक आठवडा पुरत नाही, 15 नोव्हेंबरपर्यंत दोन घ्या. पुढे 16 नोव्हेंबर ते 27 डिसेंबर अभ्यास आणि नाताळानंतरचा आठवडा मोकळा. 4 जानेवारी ते 14 फेब्रुवारी अभ्यास, एक आठवडा सुट्टी. 22 फेब्रुवारी ते 4 एप्रिल अभ्यास, आणि पुढच्या मोकळ्या आठवड्यात 7 एप्रिलचा गुढीपाडवा. त्यानंतर 9 मेपर्यंत चार आठवड्यांची छोटी फेरी. उरतात पाच आठवडे.

बेरीज केली तर अभ्यासाचे 40 आठवडे होतात. आठवड्याला पाच दिवस धरले तर 200 दिवस. शिक्षण हक्क कायद्यात पहिली ते पाचवीच्या शाळांसाठी किमान 200 दिवस आणि 800 तास सांगितले आहेत, सहावी ते आठवीसाठी 220 दिवस आणि 1000 तास. हे आकडे शाळांसाठी आहेत, पण माप म्हणून उपयोगी पडतात. 800 तासांना 200 दिवसांनी भागलं तर रोज चार तास, आणि त्यात गोष्टीचं पुस्तक, स्वयंपाकघरातलं वजन-माप, बागकाम सगळं धरावं. सात-आठ वर्षांच्या मुलाला दोन-सव्वादोन तासांपेक्षा जास्त वेळ टेबलाशी बसवू नये असं आमचं ठाम मत आहे.

आता सगळ्यात जास्त फसणारी जागा. 40 आठवडे हाताशी आहेत म्हणून पुस्तक 40 भागांत कापू नका. सहा आठवड्यांच्या प्रत्येक फेरीत नवीन धडे पाचच आठवडे, सहाव्यात फक्त उजळणी आणि राहिलेलं. सहा फेऱ्यांचे 30 आणि शेवटच्या छोट्या फेरीचे चार, असे नव्या धड्यांचे आठवडे होतात 34. बालभारतीच्या गणितात 15 प्रकरणं असतील तर प्रत्येकाला सरासरी सव्वादोन आठवडे येतात. अपूर्णांकाला चार लागतील, घड्याळाला एक पुरेल. सहावा आठवडा असा मोकळा ठेवला नाही तर ताप, पाहुणे, लग्नाची गडबड यांत बुडालेलं सगळं सातव्या आठवड्यात शिरतं. मुलाला ते लगेच कळतं. सुट्टी म्हणून सांगितलेल्या आठवड्यात दोनदा वही उघडायला लावली की तिसऱ्या फेरीपासून ते प्रत्येक धड्याला हुज्जत घालतं, आणि त्याचं चुकत नाही. सातव्या आठवड्यात पुस्तक कपाटातच राहू द्या. रात्री गोष्ट वाचून दाखवणं चालेल, गृहपाठ नाही. शिकवणाऱ्या आईला किंवा बाबालाही हाच आठवडा मिळतो. तो साहित्य जमवण्यात आणि वह्या तपासण्यात घालवला तर वर्षभर विश्रांती नाहीच.

मे महिन्याचा हट्ट धरू नका. मामे-मावस भावंडं मामाकडे जमलेली असताना एकट्या मुलाला अभ्यासाला बसवणं हा त्याच्यावर अन्याय आहे. त्या पाच आठवड्यांतले तीन पूर्ण सुट्टीचे. उरलेल्या दोनांत दिवसाआड सकाळी 15 मिनिटं, ऊन चढायच्या आत: पाढे आणि वर दिलेल्या वजाबाकीसारखी पाच उदाहरणं. एवढ्याने गंज चढत नाही.

शिवाय काही गोष्टी मेमध्येच दिसतात. शून्य सावलीचा दिवस, म्हणजे भरदुपारी सूर्य नेमका माथ्यावर आल्याने सावली नाहीशी होते तो दिवस, पुण्यात 13-14 मेच्या सुमारास येतो, नागपुरात 26 मेच्या आसपास. जुलैमध्ये तो पुन्हा येतो, पण तेव्हा आभाळ भरलेलं असतं. गच्चीवर सपाट जागा बघून पाण्याने भरलेली सरळ बाटली उभी करा, ओळंब्याने ताठपणा तपासा. पुण्यात त्या दिवसांत सूर्य माथ्यावर येतो तो 12 ला नव्हे, 12 वाजून 31 मिनिटांच्या सुमारास. नागपूर पूर्वेला असल्याने तिथे साधारण 12.10 ला. सव्वाबारापासून दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकावर खडूने खूण करायला सांगा (नागपुरात पावणेबारापासून). रेखांश आणि भारतीय प्रमाणवेळ यांचा संबंध त्या खुणांवरून समजावता येतो.

शाळेच्या घडीतून या घडीत यायचं तर दिवाळीनंतर या, जूनमध्ये नको. दिवाळीत तसाही खंड पडलेला असतो. पुस्तक जिथे आहे तिथेच थांबवा आणि तिथूनच पुढे चला, इयत्ता संपवायची धावपळ करू नका. पहिली फेरी चारच आठवड्यांची आणि गणित व भाषा एवढीच. विज्ञान, परिसर अभ्यास, चित्रकला दुसऱ्या फेरीपासून जोडा.

वर्षभर चालणाऱ्या अभ्यासाला शेवट दिसत नाही, त्यामुळे कोणी विचारलं की मूल गोंधळतं: मी कितवीत? यासाठी इयत्ता बदलायची तारीख ठरवून ठेवा. 15 जून ठेवली तर सोयीचं, कारण शेजारची मुलंही तेव्हाच वरच्या वर्गात जातात. पुस्तकाची दोन प्रकरणं उरली असली तरी इयत्ता बदला, प्रकरणं पुढच्या फेरीत घ्या.

एनआयओएस या राष्ट्रीय मुक्त शाळेची माध्यमिक, म्हणजे दहावीची परीक्षा द्यायची असेल त्या वर्षी फेऱ्या मोडाव्या लागतात. तिला किमान वय 14 लागतं आणि परीक्षा एप्रिल-मे किंवा ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये होते. एप्रिलची निवडली तर पाडव्याचा आठवडा सुट्टीचा राहत नाही, तो मार्चच्या सुरुवातीला सरकवा. ऑक्टोबरची निवडली तर गणपतीत रोज एक तास तरी बसावं लागेल, हे मुलाला जूनमध्येच सांगून ठेवा.

नोंदीसाठी एक दोनशेपानी वही पुरते. रोज एक ओळ: तारीख, विषय, मिनिटं, पान, आणि अडलेली जागा. "गणित, 35 मिनिटं, पान 42, शून्य आलं की उसनं घेताना थांबते." सहाव्या आठवड्याची उजळणी या शेवटच्या रकान्यातूनच काढायची, पुस्तकाच्या अनुक्रमणिकेतून नाही.