एका पानावरचा पलंग आणि पंधरा मिनिटांचा निबंध

मध्ययुगीन युरोपीय कलेच्या इतिहासावरील ऑनलाइन परिसंवादांत निबंध वाचण्यासाठी मी दोनदा अर्ज केला. पहिला नाकारला गेला, दुसरा स्वीकारला गेला, आणि मधल्या दहा महिन्यांत जे कळले ते पहिल्या अर्जापूर्वी कळले असते तर बरे झाले असते, असे मला मनापासून वाटते.

या क्षेत्रातल्या मोठ्या परिषदा पूर्वी प्रत्यक्ष जाऊनच ऐकाव्या लागत. इंग्लंडमधील लीड्स येथे 1994 पासून दर जुलैमध्ये भरणारी आंतरराष्ट्रीय मध्ययुगीन परिषद 2020 मध्ये प्रथमच पूर्णपणे ऑनलाइन झाली, आणि त्यानंतर इतर अनेक संस्थांनीही आपली व्याख्याने दूरच्या श्रोत्यांसाठी खुली केली. प्रवास, व्हिसा आणि मुक्काम यांचा खर्च ज्यांना पेलवत नाही, त्यांच्यासाठी हा बदल फार मोलाचा आहे. मी त्यांच्यापैकीच एक.

पहिल्या अर्जात मी कॅरोलिंजियन, म्हणजे आठव्या-नवव्या शतकांतल्या शार्लमेनच्या घराण्याच्या काळातील, हस्तलिखितांतील राजसत्ता आणि धर्म असा विषय घेतला होता. तीनशे शब्दांच्या त्या सारांशात एकाही हस्तलिखिताचे नाव नव्हते. दोन ओळींचा नकार आला तेव्हा मला वाईट वाटले, पण काही दिवसांनी आयोजकांचे निवेदन पुन्हा वाचले आणि चूक लक्षात आली. त्यांनी नकलून काढलेल्या ग्रंथांमधील मजकूर आणि चित्र यांच्या नात्यावर निबंध मागवले होते, आणि मी मात्र मला आधीपासून लिहायचे होते तेच लिहून पाठवले होते.

त्यानंतर काही महिने मी फक्त विनामूल्य व्याख्याने ऐकली. त्यात एक व्याख्यान हुकले, तेही घड्याळामुळे. ब्रिटनमध्ये मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळे एक तास पुढे केली जातात आणि अमेरिकेत हाच बदल मार्चच्या दुसऱ्या रविवारी होतो, हे मला ठाऊक नव्हते. हिवाळ्यातला फरक मनात धरून मी एप्रिलमधल्या त्या सत्रात दाखल झाले, तेव्हा प्रश्नोत्तरे संपत आली होती. तेव्हापासून मी प्रत्येक कार्यक्रमाची वेळ त्या तारखेप्रमाणे पडताळून घेते. जी व्याख्याने वेळेवर ऐकली, त्यांत एक गोष्ट सतत जाणवली. अनुभवी अभ्यासक ‘त्या काळी असे असे होते’ असे म्हणत नाहीत. ते पानाचा क्रमांक सांगतात, चित्र मोठे करतात आणि एखाद्या हाताकडे किंवा झग्याच्या घडीकडे बोट दाखवतात.

मग मीही एक पान निवडले. नवव्या शतकात फ्रान्समधील रँसच्या परिसरात तयार झालेला स्तोत्रग्रंथ, म्हणजे बायबलमधील स्तोत्रांचा संग्रह, आज नेदरलँड्समधील उत्रेख्त विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहे आणि त्याची सर्व पाने ऑनलाइन पाहता येतात. त्यातली चित्रे तपकिरी शाईने, थरथरत्या, घाईत ओढल्यासारख्या रेषांनी काढलेली आहेत आणि ती स्तोत्रातले शब्द अक्षरशः घेतात. ‘हे प्रभू, जागा हो, का निजला आहेस?’ अशी आर्त विनवणी असलेल्या स्तोत्राच्या चित्रात प्रभू खरोखरच पलंगावर पहुडलेला आहे आणि देवदूत त्याला उठवत आहेत. आमचे पोट जमिनीला चिकटले आहे, असे स्तोत्र म्हणते, तर खाली माणसे जमिनीवर पालथी पडलेली दिसतात. कापायला नेलेल्या मेंढरांची उपमा येते, तर मेंढरेही आहेत. हे पान पडद्यावर मोठे करून मी कितीतरी संध्याकाळी पाहत बसले, आणि दर वेळी त्या पलंगाशी येऊन थांबले.

हा ग्रंथ इ.स. 1000 च्या सुमारास इंग्लंडमधील कँटरबरीत होता आणि तिथे त्याच्या नकला झाल्या. त्यातली बाराव्या शतकाच्या मध्यातली एक, ईडविन स्तोत्रग्रंथ, केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात आहे. तीही ऑनलाइन पाहता येते. तिथे रेषा ठाम झाल्या आहेत, शाई रंगीत आहे, आणि मुख्य म्हणजे स्तोत्रांची तीन लॅटिन भाषांतरे शेजारीशेजारी लिहिली असून ओळींमध्ये जुन्या इंग्रजीतले आणि अँग्लो-नॉर्मन फ्रेंचमधले (नॉर्मन विजयानंतर इंग्लंडात वापरात आलेल्या फ्रेंचमधले) अर्थही दिलेले आहेत. एकाच लॅटिन मजकुरासाठी रचलेले चित्र तीन भाषांतरांच्या शेजारी आले की ते कोणत्या शब्दांचे चित्र उरते, हा माझा प्रश्न ठरला. दुसऱ्या सारांशाचे पहिले वाक्य हाच प्रश्न होता, आणि उरलेल्या अडीचशे शब्दांत त्या एका पानापलीकडे मी गेले नाही.

तरीही एक चूक राहिलीच. मी त्या स्तोत्राचा क्रमांक हिब्रू क्रमाने 44 लिहिला होता, आणि व्हल्गेटच्या, म्हणजे मध्ययुगात प्रचलित असलेल्या लॅटिन बायबलच्या, क्रमाने ते 43 वे आहे, कारण तिथे नववे आणि दहावे स्तोत्र एकत्र धरल्यामुळे पुढचे आकडे एकाने मागे पडतात. परीक्षकाने ते नम्रपणे दाखवून दिले आणि सारांश स्वीकारला. या विषयात काम करू इच्छिणाऱ्याने आपण कोणता क्रम पाळतो हे पहिल्याच उल्लेखात नमूद करावे.

पुढचे काम तुलनेने सोपे होते. पडद्यावर दाखवायच्या प्रत्येक चित्रासाठी त्या त्या ग्रंथालयाच्या वापराच्या अटी वेगळ्या वाचल्या आणि चित्राखाली ग्रंथालयाचे नाव व पानाचा क्रमांक लिहिला. देवदूत उठवत असल्याची आणखी चित्रे शोधण्यासाठी प्रिन्स्टनच्या मध्ययुगीन कला सूचीचा उपयोग झाला. 1917 मध्ये सुरू झालेली ही सूची जुलै 2023 पासून सर्वांना विनामूल्य खुली आहे. निबंध मोठ्याने वाचून पाहिला तेव्हा पंधरा मिनिटांसाठी अठराशे शब्दही जास्त होतात असे दिसले, म्हणून शेवटचा परिच्छेद काढून टाकला.

प्रत्यक्ष वाचन नीट पार पडले. प्रश्नोत्तरांत एका ज्येष्ठ अभ्यासकाने विचारले की, ईडविनच्या चित्रकारांसमोर मूळ ग्रंथच होता, की त्याआधी झालेली एखादी नक्कलही त्यांनी शेजारी ठेवली होती. माझ्याकडे उत्तर नव्हते आणि मी तसे सांगितले. सध्या पडद्याच्या डाव्या अर्ध्या भागात उत्रेख्तचा पलंग आणि उजव्या अर्ध्या भागात ईडविनचा पलंग उघडून मी देवदूतांचे हात एकेक करून ताडून पाहते आहे.